द्वारकेजवळचं सुटं बॅटरीचं पाणी : आठ रुपये लिटर, मीटरवर शून्य

नाशिकला द्वारका चौक ओलांडून नाशिकरोडच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला बॅटऱ्यांची दोन-तीन दुकानं लागतात. त्यातल्या शेवटच्या, पाटी पार उडालेल्या दुकानात सुटं डीएम (डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेलं) पाणी आठ रुपये लिटरने मिळतं. वीस लिटर एकदम घेतलं तर सात. कॅन आपला न्यायचा. गाडीची बारीकसारीक कामं घरीच करणाऱ्याने बाटलीबंद पाण्याच्या नादी न लागता तिथून, किंवा आपल्या गावातल्या अशाच एखाद्या दुकानातून, सुटं पाणी घ्यावं असं माझं मत आहे. फक्त घेताना डोळे उघडे ठेवायचे.

मत द्यायचा अधिकार काय, तर माझी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्रात झाली. आधी डीएम प्लांटवर, मग पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. बॉयलरला जाणारं पाणी कसं लागतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मिक्स्ड बेडमधून, म्हणजे शुद्धीकरणाच्या शेवटच्या टाकीतून, निघालेल्या पाण्याची वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) ०.२ मायक्रोसीमेन्सच्या आत आणि सिलिका २० पीपीबीच्या आत. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग. काटा जरा वर सरकला की शिफ्टवाल्याचा फोन यायचा, 'काय चाललंय खाली?' इतकी वर्षं त्या पाण्यात काढल्यावर बाटलीवर '१००% शुद्ध' असं छापलेलं पाहिलं की मी आधी बाटली फिरवून मागची बाजू वाचतो. बहुतेक वेळा मागे काहीच नसतं.

आता गाडीकडे येऊ. माझ्याकडे जुनी वॅगन आर आहे, काळी, झाकणं उघडता येणाऱ्या बॅटरीची. घरात इन्व्हर्टर आहे आणि खरं पाणी तोच पितो. सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, माझ्या मीटरवर ८२० दाखवतो. महापालिकेचं, गंगापूर धरणाचं पाणी दीडशेच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चालतो, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंतसुद्धा. म्हणजे दीडशेचं पाणी प्यायला उत्तम. पण बॅटरीला उत्तम नाही. बॅटरीच्या पाण्याचं मानक वेगळं आहे, आयएस १०६९, आणि त्यात क्लोराइड, लोह असल्या एकेका गोष्टीची मर्यादा घातलेली आहे.

याचं कारण सोपं आहे. बॅटरी चार्ज होताना पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातात. उडतं ते फक्त पाणी, क्षार आतच राहतात. पुन्हा भरलं की पुन्हा पाणी जातं आणि आणखी क्षार राहतात. चहाच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो त्याचाच हा प्रकार, फक्त इथे तो घासून काढता येत नाही. क्लोराइड प्लेटांच्या शिशाला खातं, आणि लोह बॅटरी नुसती उभी असतानाही आतल्या आत उतरवत राहतं. आठवडाभर गाडी हलली नाही आणि सकाळी स्टार्टर कण्हायला लागला की लोक बॅटरीच्या कंपनीला शिव्या देतात. पाणी कोणतं भरलं होतं हे कोणी विचारत नाही.

शेजारच्या बंगल्यातल्या मुलाने नवी गाडी घेतल्यावर मला विचारलं, 'काका, आपल्या घरच्या आरओचं पाणी चालेल ना?' नाही चालत. घरच्या आरओत चव राहावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, शिवाय वरून खनिजांचं काडतूस. आमच्या आरओचं पाणी ६० दाखवतं. प्यायला छान. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र मीटरवर १०-१२ दाखवतं आणि लोकांना वाटतं, सापडलं फुकटचं डीएम. ते पाणी कॉइलवरची धूळ, बुरशी आणि तांब्या-ॲल्युमिनियमचे अंश घेऊन खाली येतं. बॅटरीत तांबं गेलेलं कोणाला हवंय? काच पुसायला वापरा, कुंडीत घाला. जुने मेकॅनिक पहिले चार पाऊस सोडून पत्र्यावरचं नाही, उघड्यावरचं पावसाचं पाणी धरून ठेवायचे. त्या काळी ते शहाणपणाचं होतं. आज रस्त्याच्या कडेला राहून मी ते करणार नाही.

विकतच्या पाण्याचे तीन प्रकार मी वापरून पाहिले. पेट्रोल पंपावर मिळणारी एक लिटरची बाटली चाळीस रुपयांना पडते. एका बाटलीत मीटर ३८ वर गेला. कुठल्या छापाची होती ते लिहीत नाही, कारण एका बाटलीवरून कोणाला फाशी द्यायची नसते. पण सील उघडल्या उघडल्या ३८ म्हणजे ते डीएम नव्हतं, फार तर साधं आरओचं होतं. ऑनलाइन मागवलेला पाच लिटरचा कॅन चांगला निघाला, मीटरवर शून्य. पण घरपोच येईपर्यंत लिटरमागे पन्नासच्या वर गेला. पाच किलो पाणी ट्रकमध्ये घालून दुसऱ्या राज्यातून आणायचं आणि त्याचं भाडं आपण भरायचं, हे माझ्या पचनी पडत नाही. तिसरा प्रकार हा सुटा.

एवढं स्वस्त कसं, अशी शंका येते. ती रास्त आहे. दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे याला 'डिस्टिल्ड वॉटर'च म्हणतात, पण कोणी पाणी उकळत बसलेलं नसतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ पाऊण युनिट वीज लागते. दुकानाच्या वीजदराने हिशेब करा, निम्म्याहून जास्त पैसे महावितरणलाच जातील. त्यामुळे सगळे रेझिनवर, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांवर, काम करतात. या दुकानाच्या मागच्या खोलीत एक छोटा आरओ आहे आणि त्याच्यापुढे माणसाच्या छातीएवढ्या उंचीची दोन फायबरची नळकांडी. पहिल्यात कॅटायन रेझिन. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धरून ठेवतं आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतं. दुसऱ्यात ॲनायन रेझिन. ते क्लोराइड, सल्फेट धरतं आणि हायड्रॉक्सिल सोडतं. हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल मिळून पाणीच होतं. आरओने नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार आधीच काढलेले असतात, म्हणून रेझिन बरेच दिवस पुरतं. एकलहऱ्याला दोन मजली उंच टाक्यांत जे चालायचं तेच हे, खोलीत मावेल एवढं. पहिल्यांदा आत डोकावलो तेव्हा मला एकदम कामावर गेल्यासारखं वाटलं.

मालक तरुण आहे, इलेक्ट्रिकलचा आयटीआय केलेला. मी मीटर काढला तेव्हा त्याने आधी जरा तोंड वाकडं केलं. मग म्हणाला, 'घ्या काका, नळालाच लावा.' नळावर शून्य. मी विचारलं, रिजनरेशन, म्हणजे थकलेलं रेझिन पुन्हा ताजं करणं, कधी करतोस? म्हणाला, 'रविवारी. दुकान बंद असतं ना. ॲसिड तर दुकानात असतंच.' मी म्हटलं, अरे, बॅटरीचं सल्फ्युरिक वापरतोस का? तर नाही, कॅटायनला हायड्रोक्लोरिक आणि ॲनायनला कॉस्टिक सोडा, दोन्ही सातपूरहून आणतो. मला हे उत्तर पाण्यापेक्षा जास्त आवडलं. आपण काय करतोय हे कळणारा माणूस पाणी विकतोय, एवढं मला पुरेसं होतं.

यातच एक खाच आहे, आणि ती कुठल्याच बाटलीवर लिहिलेली नसते. रिजनरेशननंतर रेझिन भरपूर पाण्याने धुऊन काढावं लागतं. घाई केली तर पहिल्या पाण्यात ॲसिडचा, म्हणजे क्लोराइडचा, अंश राहतो. नेमकं जे बॅटरीत नको तेच. म्हणून मी सोमवारी सकाळी सकाळी जात नाही, आणि कधी गेलोच तर मीटरबरोबर लिटमसचा कागदही नेतो. तुम्हाला एवढं करायची गरज नाही. ॲसिड राहिलं असेल तर साधा टीडीएस मीटरही ओरडतो, कारण हायड्रोजन आयन वीज फार जोरात वाहून नेतात. दोनशे रुपयांच्या आसपास मीटर मिळतो, एकदा घ्या आणि खिशात ठेवा.

मीटर काय सांगतो हेही समजून घ्या. तो क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला साधारण अर्ध्याने गुणून पीपीएम, म्हणजे दशलक्षात एक भाग, म्हणून दाखवतो. त्याचं शून्य म्हणजे साधारण दोन मायक्रोसीमेन्सच्या खाली. आमच्या प्लांटवर हे पाणी सरळ गटारात सोडलं असतं. गाडीला ते पुरून उरतं. आणि सिलिका त्याला जवळपास दिसतच नाही. ॲनायन रेझिन थकत आलं की सगळ्यात आधी सिलिकाच निसटायला लागते आणि मीटर बिचारा शून्यच दाखवत असतो. टर्बाइनच्या पात्यांवर तिचा काचेसारखा थर बसतो, म्हणून आमची झोप उडायची. बॅटरीला तिचं फारसं काही वाटत नाही. काळ्या गाडीच्या बॉनेटवर मात्र तिचे डाग बसले तर व्हिनेगरनेही जात नाहीत.

दुकानातल्या खटकणाऱ्या गोष्टीही सांगतो. पाणी भरायची नळी फरशीवर लोळत असते. मी प्रत्येक वेळी तिचं टोक आधी थोडं पाणी सोडून धुवायला लावतो आणि तो दर वेळी हसतो. त्याचं नरसाळं तर मुळीच वापरू नका, त्याच नरसाळ्याने तो ॲसिड ओततो. स्वतःचं प्लास्टिकचं न्या, पत्र्याचं नको. कॅन नसेल तर तो दुकानातला रिकामा कॅन वीस रुपयांना देतो, तो बहुधा ॲसिडचा असतो. कितीही धुतला तरी मी घेणार नाही. कूलंटचा, फिनेलचा, तेलाचा कॅनही नको. नवा पांढरा जाड प्लास्टिकचा घ्या, थोड्या डीएम पाण्याने दोनदा खळखळवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आमच्याकडे हिने एकदा त्या पाण्याचा चहा टाकला होता. चहा काही बिघडला नाही, पण हे पाणी पिण्यासाठी तपासलेलं नसतं. रेझिनमध्ये जंतू वाढू शकतात. वाफेच्या इस्त्रीत खुशाल घाला. दवाखान्यातल्या कामाला, नेब्युलायझर वगैरेला, अजिबात नाही.

घरी आणल्यावर दोन दिवसांनी मीटर एक दाखवायला लागला तर पाणी खराब झालं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्याने एवढा फरक पडतोच. झाकण घट्ट लावा आणि कॅन उन्हात ठेवू नका, नाहीतर आत हिरवं धरतं.

वापराचं म्हणाल तर बॅटरीत पाणी गाडी चालवून आणल्यावर, म्हणजे चार्ज झाल्यावर भरायचं. चार्ज होताना आतलं द्रावण फुगतं, आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड वर येऊन टर्मिनल आणि खालचा पत्रा खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढं घाला, मग चार्ज करा, मग वरच्या रेघेपर्यंत आणा. घालायचं ते फक्त पाणी. 'जरा ॲसिड मारा, जोर येईल' म्हणणारे अजून भेटतात. ॲसिड उडून जातच नाही, ते वरून घालायचं कारणच नाही. चष्मा घाला, काडी-सिगारेट लांब, खिडकी उघडी. तुमची बॅटरी पूर्ण बंद असेल, झाकणंच नसतील, तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. गाडीच्या बॅटरीला पाणी थोडंच लागतं. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उन्हाळ्यात लिटरांनी पिते, तिचे पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते दांडे खाली गेले की कॅन काढायचा.

कूलंटचा हिशेब जास्त महत्त्वाचा, कारण इथे पैसे खरे वाचतात. तयार मिसळलेला कूलंट घेतला तर आपण बरेचसे पैसे पाण्याचे देतो. घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेला, कूलंट आणून डब्यावरच्या प्रमाणात, समजा एकास दोन, डीएम पाणी घालायचं. निफाडला थंडीत पारा कधीकधी शून्याजवळ येतो, पण एकास दोनचं मिश्रण उणे पंधरालाही गोठत नाही. कूलंट मात्र गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच आणि डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात. निरनिराळे कूलंट एकत्र करायचे नाहीत, रंग सारखा असला तरी. बोअरचं पाणी इथे का चालत नाही? जपानी पद्धतीच्या बऱ्याच कूलंटमध्ये फॉस्फेट असतं. कडक पाण्यातलं कॅल्शियम त्याला भेटलं की दोघांची खर होते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. उलट कोणी हुशारी करून नुसतंच डीएम पाणी भरेल, तर तेही चूक. गंज थांबवणारी द्रव्यं कूलंटमध्ये असतात, पाण्यात नाही. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे मी म्हातारा माणूस म्हणून पुन्हा सांगतो.

वायपरच्या टाकीत अर्धा लिटर घातलं की फवाऱ्याची भोकं बुजत नाहीत. यात जास्त सांगण्यासारखं काही नाही.

धुण्याबद्दल लोक फार विचारतात, म्हणून सांगतो. गाडी बोअरच्याच पाण्याने धुवा. साबण गेला की शेवटचा हात डीएमचा. मी झाडांवर फवारायचा दोन लिटरचा हातपंप वापरतो, छतापासून खाली. दोन भरले की वॅगन आर होते, म्हणजे आठच्या दराने बत्तीस रुपये. मग पुसायची गरज नाही, वाळल्यावर एकही ठिपका राहत नाही. बघायला सुंदर वाटतं. पण दर आठवड्याला बत्तीस रुपये खर्चण्यासारखं ते आहे का? पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला मुळीच नाही. सावलीत धुऊन ओली असतानाच चांगल्या मायक्रोफायबर फडक्याने टिपली तर तेच होतं. काळी गाडी, उघडं पार्किंग आणि मे महिन्याचं ऊन असं तिन्ही जुळलं तरच करा. मी दिवाळीला आणि लग्नकार्याला करतो.

वर्षाचा माझा खर्च सांगायचा तर इन्व्हर्टर, गाडी आणि ते दिवाळीचं न्हाणं धरून वीस-वीस लिटरचे दोन कॅन पुरतात. म्हणजे दोनशे ऐंशी रुपये. पंपावरच्या बाटलीने तेच सोळाशे झाले असते, वर ३८ टीडीएसची शक्यता फुकट.

पाचपैकी चार गुण. एक त्या लोळणाऱ्या नळीचा कापला. दुकान सकाळी दहाला उघडतं, दुपारी दोन ते चार बंद, रविवारी सुट्टी. समोर गाडी लावायला जागा नाही, स्कूटर असेल तर ती घेऊन जा, पण वीस लिटरचा कॅन पायाशी नीट बसतो का ते आधी बघा. घरपोच देत नाहीत. पैसे मोबाइलवरून चालतात, पावती मागितली तर वहीच्या पानावर देतो. आणि मीटर नेलात तर 'एकलहऱ्याच्या काकांनी पाठवलंय' म्हणून सांगा, म्हणजे तोंड वाकडं करणार नाही.